वरून पाणी पिताना

बालाघाट, ४ ऑगस्ट

ताई,

माझ्या गळ्यात गाठ आहे. उजव्या बाजूला, कंठाच्या थोडी खाली. बोट ठेवलं की कळते. दुखत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण माझं नाव दिसलं की तू फोन भाऊजींकडे देतेस आणि भाऊजी धानाचं सांगतात. म्हणून लिहिते आहे. परसवाड्याला टपाल अजून वेळेवर पोचतं असं ऐकलं.

गाठ मला दिसली नाही, वीरेंद्रना दिसली. रविवारी मी स्वयंपाकघरात पाणी पीत होते. आपल्या घरात शिकवलं तशीच पिते अजून. लोटा वर धरून, ओठ न लावता, मान मागे टाकून. ते दारात उभे होते. म्हणाले, पुन्हा पी. मी पुन्हा प्याले. म्हणाले, "तुह्या गळ्यात काहीतरी वर-खाली होऊन राह्यलं." मी म्हटलं, पाणी जातं, दुसरं काय जाणार. त्यांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं.

मग मी आरशासमोर उभी राहून सगळा लोटा संपवला. प्रत्येक घोटाला ती वर जाते आणि खाली येते. किती दिवसांची आहे कोण जाणे. आपण आपला गळा बघत नाही.

डॉक्टरांनीही हेच करायला लावलं. हातात पेला दिला आणि गळ्याकडे बघत बसले. गिळताना हलते म्हणजे ती थायरॉइडची, असं म्हणाले. रक्त तपासायचं आहे, सोनोग्राफी करायची आहे.

मला तुझ्याकडून काही नको. बहिणीला कळवावं म्हणून कळवते. लालबर्‍याच्या लग्नात मे महिन्यात तुला लांबून पाहिलं होतं. बरी दिसलीस.

मंजुषा


बालाघाट, ११ ऑगस्ट

ताई,

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. त्यावर मी खूश झाले तर डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर खूश होऊ नका. ग्रंथी काम नीट करते, इतकंच त्यातून कळतं. गाठीत काय आहे ते रक्त सांगत नाही.

त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढून दाखवलं. श्वासनळीच्या दोन बाजूंना दोन पाळ्या, मध्ये एक पट्टी. माझी गाठ उजव्या पाळीत. अशा गाठी पुष्कळ जणांना असतात, बायकांना जास्त, आणि वय वाढेल तशा आणखी. बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. शंभरातल्या नव्वदांहून जास्त गाठी काही करत नाहीत, नुसत्या असतात. मी विचारलं, आणि बाकीच्या? ते म्हणाले, त्यांच्यासाठीच तपासायचं. त्यांतल्याही बहुतेकांवर इलाज होतो.

सोनोग्राफीत ती भरीव निघाली. आत पाणी असतं तर काळजी कमी असते म्हणे. शिवाय एका बाजूची कड साफ नाही. म्हणून सुई घालून आतल्या पेशी काढायच्या.

तुला लिहिताना हा शब्द टाळणार होते. दुसरा शब्द नाही.

आईच्या तेरवीला तू मांडवात सगळ्यांदेखत बोललीस ते मला अजून तसंच ऐकू येतं. "इनं सुई टोचाले लावली अन् आईची गाठ फुटली. सुई नसती तं आई जित्ती राह्यली असती." नागपूरला आईला मी नेलं होतं. सुई लागली आणि पाऊस यायच्या आत आई गेली. तू जे पाहिलंस ते जोडलंस. नंतरची नऊ वर्षं आपण दोघीही बोललो नाही.

आता डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला गळ्याचं काही होतं का. मी आईचं सांगितलं. त्यांनी विचारलं, गाठ किती दिवसांत वाढली. आवाज बसला होता का. बसला असेल तर कधी.

मला सांगता आलं नाही. आई त्या वर्षी संक्रांतीपासून तुझ्याकडे होती. मी तिला उन्हाळ्यात घ्यायला आले तेव्हा तिचा आवाज घोगरा होता, मला वाटलं उन्हानं असेल. आवाज सुईच्या किती आधी बसला होता, हे फक्त तुला माहीत आहे. तेवढं कळव. दोन ओळी पुरेत.

मंजुषा


बालाघाट, १८ ऑगस्ट

ताई,

तुझं काही आलं नाही. ठीक आहे.

सुई झाली. गोंदियाला गुरुवारी. कशी असते ते लिहिते.

पाठीवर झोपवतात. खांद्याखाली उशी देतात, त्यामुळे मान मागे जाते आणि गळा वर येतो. थंड मलम लावून सोनोग्राफीचं यंत्र गळ्यावर धरतात. पडद्यावर गाठ दिसते आणि सुईही दिसते, त्यामुळे ती आंधळेपणानं घुसवत नाहीत. रक्त काढायच्या सुईपेक्षा ही बारीक. लाल मुंगी चावावी तसं होतं, मग थोडा दाब. माझ्यात तीनदा घातली, वेगवेगळ्या जागी.

त्या वेळी बोलायचं नाही आणि गिळायचं नाही. त्रास झाला तो एवढाच. गिळू नको म्हटलं की तोंडात पाणी भरतं. बाकी सगळं, तुला खोटं वाटेल, चहा थंड व्हायच्या आत संपतं. कापूस दाबून बसवतात, मग घरी. मी आणि वीरेंद्र स्टेशनवर आलूबोंडा खाऊन आलो.

सुई घालणाऱ्या मॅडम आपल्याकडच्याच वाटल्या, भंडाऱ्याच्या. मी त्यांना विचारलं, सुईनं गाठ फुटते का. त्यांना हा प्रश्न नवा नव्हता. म्हणाल्या, "रोज कोणी ना कोणी विचारते. या गाठीत सुईनं ते होत नाही. जे पसरणारं असते, ते सुईची वाट पाहत बसत नाही." मी आईचं सांगितलं. त्या म्हणाल्या, कागद पाहिल्याशिवाय सांगू नये, पण म्हातारपणी थायरॉइडची एक गाठ होते ती फार लवकर वाढते. आठवड्या-आठवड्यानं. आवाज बसतो, गिळता येत नाही. लोक तेव्हा दवाखान्यात येतात, सुई तेव्हाच लागते, आणि माणूस जातो. घरच्यांना वाटतं सुईनं गेला. आवाज आधी बसला असेल तर गाठ आधीच पुढे गेली होती असं समजा.

यावर मी काही लिहीत नाही. तू विचार कर.

रिपोर्ट शनिवारी यायचा होता. शनिवारी मॅडमचा फोन आला की स्लाइड नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवल्या आहेत. मी विचारलं, का. म्हणाल्या, एकदा दाखवून घेऊ. मी पुन्हा विचारलं, का. म्हणाल्या, काही पेशींबद्दल दोघांचं मत असलेलं बरं. मध्ये पोळा आहे, वेळ लागेल.

मी भीत नाही असं पहिल्या पत्रापासून दाखवत आले. काल रात्रीच्या भाताला मीठ घातलं नव्हतं आणि वीरेंद्रनी ते सांगितलंही नाही. मग मी त्यांना गॅसचं पुस्तक कुठे असतं ते दाखवलं, विजेचं बिल कुठे, माझ्या भविष्यनिधीचे कागद कुठे. ते म्हणाले, "हे सब मीच ठेवतो, मंजुषा. पंधरा साल झाले." मग आम्ही दोघं हसलो आणि त्यांनी दिवा बंद केला.

मंजुषा


बालाघाट, २३ ऑगस्ट

ताई,

आज नारबोद. आमच्या वॉर्डातही पोरं पहाटे पुतळा घेऊन निघाली. आता ती डेंग्यू घेऊन जा म्हणतात, मच्छर घेऊन जा म्हणतात. आपल्या वेळी खोकला आणि खरूज होती. ज्या घरी जे दुखणं असेल त्याचं नाव घेऊन ओरडायचं आणि नारबोद गावाच्या शिवेवर नेऊन टाकायची. आई आपल्याला बजावून सांगायची, दुखण्याचं नाव घ्या, नाव नाही घेतलं तर नारबोद कसं नेईल.

मी दारात उभी राहिले. शेजारच्या बाईनं विचारलं, मॅडम, तुमच्याकडचं काय द्यायचं. मी म्हटलं, काही नाही, सगळे बरे आहेत. शाळेत आणि गल्लीत मी कोणाला सांगितलेलं नाही. कापसाच्या जागी निळा डाग पडला आहे तो पदरानं झाकते.

दहा वाजता भाऊजींचा फोन आला. स्वतःहून कधी करत नाहीत, त्यामुळे मी आधी घाबरले. त्यांनी बैलांचं सांगितलं, सजावटीचं सांगितलं, धानाचा रोवणा झाला ते सांगितलं. मी हौ हौ म्हणत राहिले. मग थांबले आणि म्हणाले, "तुही ताई आज नारबोदेच्या मांगं शिवेपर्यंत गेलती."

मी म्हटलं, बरं.

"बरं काय. इतक्या वर्षात गेली नाही. अन् सगळ्यायच्या वर आवाज. गळ्याची गाठ घेऊन जाय री नारबोद. गळ्याची गाठ घेऊन जाय री नारबोद. सारी आळी पाहून राह्यली."

मी विचारलं, कोणाची गाठ.

"थे मले काय मालूम," भाऊजी म्हणाले. "मी काही इचारलं नाही. इचारलं तं मलेच बांधून देईन नारबोदेसंगं."

ताई, म्हणजे तू पत्रं वाचतेस.

मी दुपारभर वह्या तपासल्या. एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं की मोठ्या बहिणीचा आवाज घरात सगळ्यांत मोठा असतो. मी तिला पूर्ण गुण दिले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या तरी.

रिपोर्ट अजून नाही.

मंजुषा


बालाघाट, २९ ऑगस्ट

ताई,

रिपोर्ट आला. गाठ चांगली आहे. कॅन्सर नाही.

ही ओळ लिहून मी थोडा वेळ उठून गेले होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी आणि गोंदियाच्या मॅडमनी एकच लिहिलं आहे. आता काही करायचं नाही. ऑपरेशन नाही, गोळी नाही. वर्षानं सोनोग्राफी करून गाठ तेवढीच आहे ना ते पाहायचं. मी विचारलं, मग ही अशीच राहणार? मॅडम म्हणाल्या, राहू द्या, तुमचं काय खाते ती.

वीरेंद्रनी खाणीतल्या ड्युटीवरून येताना जिलेबी आणली. स्वतःच अर्धी खाल्ली. मग बाहेर जाऊन स्कूटर धुतली, भर पावसात. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी तोंड माझ्याकडे केलं नाही, मीही हाक मारली नाही.

आता दुसरं. हे मी चार पत्रांत लिहिलं नाही.

मे महिन्यात तू बरी दिसलीस असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. मी तुला जेवणाच्या मांडवामागे पाहिलं, हंड्याजवळ. तू सगळ्यांकडे पाठ केलीस, मान खाली घातलीस आणि पेला ओठांना लावून पाणी प्यालीस. त्या उकाड्यात गळ्याभोवती पदर दोनदा गुंडाळलेला होता. आपल्या घरात भांड्याला ओठ लावला की आई हातावर मारायची. सगळ्यांत जास्त मार तू माझ्यासाठी खाल्लास, कारण उष्टं मी करायची आणि नाव तुझं यायचं. तू सहज ओठ लावणार नाहीस. तुला गळा वर करायचा नव्हता.

तेव्हा मला समजलं नाही. वाटलं, उन्हानं घसा धरला असेल, किंवा मला पाहून तोंड फिरवलंस. ऑगस्टात मी स्वतः आरशासमोर लोटा वर केला तेव्हा समजलं.

म्हणून ही पत्रं. माझी गाठ होतीच, आणि भीतीही खरी होती. पण गळ्यावर मलम थंड लागतं, सुई मुंगीसारखी, संपल्यावर आलूबोंडा, हे सगळं मी माझ्यासाठी लिहिलं नव्हतं.

तू नारबोदेला दोघींच्या गाठी दिल्यास असं मी धरून चालले आहे. माझी तिनं नेली म्हण, नाहीतर नव्वदांतली निघाली म्हण. तुझी आपण गोंदियाला दाखवू.

आईला झालं म्हणून तुला तेच होईल असं नाही. मी मॅडमना विचारलं. पण घरात होतं म्हणून दाखवायला उशीर करू नये, असं त्या म्हणाल्या. कधीची आहे तुझी? वाढते का? आवाज बदलला का? हे मी फोनवर विचारीन. भाऊजींकडे देऊ नको.

मंजुषा


बालाघाट, १६ सप्टेंबर

ताई,

काल फोनवर तू म्हणालीस की सगळं लिहून पाठव, फोनवरचं मी इसरते. म्हणून सगळं लिहिते. गोंदियाला तू स्वतः होतीस, तरी लिहिते, कारण तू टेबलावर पडल्यापासून उठेपर्यंत डोळे घट्ट मिटून घेतले होतेस.

मॅडमनी सुई घातली आणि दट्ट्या ओढला. नळीत तपकिरी पाणी यायला लागलं. पातळ, काळ्या चहासारखं. एक नळी भरली, ती बाजूला ठेवून दुसरी लावली. तीही निम्मी भरली. मी पडद्याकडे बघत होते आणि पडद्यावर तुझी गाठ बसत चालली होती, हवा गेलेल्या फुग्यासारखी. मॅडमनी तुझ्या गळ्यावर बोट फिरवलं आणि माझं बोट घेऊन फिरवलं. तिथे काही नव्हतं. मला हसू आलं. मॅडमनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, त्यांचे उपकार.

बाहेर भाऊजी म्हणाले ते तू ऐकलंस. "पाच सालापासून पाणी बांधून ठेवलं गळ्यात. सांगतलं असतं तं म्या तोटी लावून देली असती." तू त्यांना पिशवीनं मारलंस. मग स्वतःच्या गळ्याला हात लावलास आणि बराच वेळ हात तिथेच ठेवलास.

गाडीतलं आता लिहिते.

बालाघाट यायला आलं होतं. भाऊजी झोपले होते. तू खिडकीकडे पाहत म्हणालीस, "आवाज होळीलेच बसला होता."

मी तुझ्याकडे वळले.

"सुईच्या लय आधी. मी हळदीचं दूध पाजत राह्यली. रोज. तिले गिळता ये नाही तरी पाजली. वाटे सर्दी हाये." मग म्हणालीस, "तुले फोन केला नाही. तुह्या शाळेची परीक्षा होती."

तेवढ्यात गाडी थांबली आणि लोक उतरायला लागले. त्याचं उत्तर आता लिहिते. मी परवा मॅडमना फोन केला. सांगितलं, आवाज होळीला बसला, गिळायला त्रास तेव्हापासून, सुई वैशाखात. त्या म्हणाल्या, मग ती तीच लवकर वाढणारी गाठ असणार. कागद न पाहता इतपतच सांगते म्हणाल्या. मी विचारलं, होळीलाच आणलं असतं तर? म्हणाल्या, तशी गाठ असेल तर होळीला आणली काय आणि वैशाखात आणली काय, फार फरक पडला नसता. हे मी त्यांच्याकडून दोनदा बोलून घेतलं, तुला जसंच्या तसं लिहिता यावं म्हणून.

ताई, आईला सुईनं काही केलं नाही. दुधानंही नाही.

आता तुझा रिपोर्ट. काढलेलं पाणी तपासलं. वाईट काही दिसलं नाही. पण पाण्यात पेशी फार थोड्या होत्या, त्यामुळे नक्की चांगली असं त्या लिहून देत नाहीत. तिथे पुन्हा पाणी भरू शकतं. डिसेंबरात सोनोग्राफी करायची. भरलं असेल तर, किंवा कडेला काही भरीव दिसलं तर, पुन्हा सुई घालायची. सोनोग्राफीत तुझी गाठ माझ्या गाठीपेक्षा साधी दिसते, म्हणून घाई नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

काल हे सगळं मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा पुन्हा सुई हे शब्द मी अगदी हळू म्हटले. तू म्हणालीस, "आयकू येत नाही, जोरानं बोल." मी जोरानं म्हटलं. शेजारच्या बाईनं खिडकी उघडली. आणि तू म्हणालीस, "मंग कधी जाचं?"

तर तारीख ही. १० डिसेंबर, बुधवार. तोवर धान कापून झालेला असेल, भाऊजींना सबब नाही. आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला ये. सकाळी खाऊन निघायचं, उपाशी राहायची गरज नाही. गळ्यातलं सगळं घरीच काढून ठेव. माझं दाखवायचं पुढच्या ऑगस्टात आहे, पण मी बरोबर आहे.

सुई लागलीच तर या वेळी डोळे उघडे ठेव. पडदा तुझ्या डाव्या हाताला असतो.

मंजुषा